‘सेट अप शॉप’ बरोबर आहे, पण तुमच्या पहिल्या ओळीत नको

प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत कास्टिंगवर, म्हणजे ओतीव लोखंडी भागांवर, सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या यंत्रांवरचं) मशीनिंग करणारं युनिट आहे. जर्मनीतल्या एका खरेदीदाराने कंपनी प्रोफाइल मागवलं आहे. त्याची सुरुवात केली आहे ‘वुई हॅव सेट अप शॉप इन २०११’ अशी. पुतण्या म्हणतो, शॉप म्हणजे दुकान, आपलं तर वर्कशॉप आहे. निदान ‘अ शॉप’ तरी लिहा. मुलगी म्हणते, ‘सेटअप’ हा एकच शब्द आहे, जोडून लिहा. आणि सीए म्हणतात, इंग्रजीचं राहू द्या, सालच चुकलंय. कंपनी २०१३ ची आहे. बरोबर कोण?

निकाल आधी देतो. वाक्प्रचार बरोबर आहे. ‘हॅव’ काढा. ‘अ’ घालू नका. ‘सेट अप’ इथे तोडूनच लिहा. आणि ज्यांना इंग्रजीशी देणंघेणं नाही त्या सीएंनी काढलेली शंका सगळ्यात वजनदार आहे. लहान कारखानदारांचे प्रकल्प अहवाल, प्रोफाइल, बँकेची पत्रं इंग्रजीत करून देणं हा माझा रोजचा धंदा आहे. ‘आम्ही धंदा सुरू केला’ या एवढ्याशा वाक्यावर जितकी खाडाखोड होते तितकी बाकीच्या अख्ख्या प्रोफाइलवर होत नाही. म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

‘सेट अप शॉप’ म्हणजे एखाद्या जागी बस्तान मांडून कामाला लागणं. दुकान असलंच पाहिजे असं नाही. कसबा बावड्यात वकिली सुरू करणारी मुलगी ‘सेट अप शॉप ॲज अ लॉयर’ करू शकते, कॉलेजच्या दारात उभी राहिलेली चहाची गाडीही करू शकते आणि धातू ओतणारी फौंड्रीही. पुतण्याच्या शंकेला उत्तर तुमच्याच पट्ट्यात आहे. फौंड्रीत पॅटर्न शॉप असतं, कोअर शॉप असतं, तुमच्याकडे मशीन शॉप आहे, पिंपरी-चाकणच्या मोटार कारखान्यांत प्रेस शॉप आणि पेंट शॉप आहेत. यातल्या एकाही ठिकाणी गिऱ्हाईक पिशवी घेऊन येत नाही. माल बनतो ती जागाही इंग्रजीत शॉपच. शॉप फ्लोअर म्हणतात तो यामुळेच. तेव्हा कारखान्याने ‘शॉप’ म्हणायला काही हरकत नाही.

पण या वाक्प्रचाराला जागा लागते. ‘सेट अप शॉप’ म्हटलं की वाचणाऱ्याच्या मनात लगेच येतं, कुठे? ‘वुई सेट अप शॉप इन शिरोली इन २०११’ हे वाक्य भरलेलं आहे. नुसतं ‘वुई सेट अप शॉप इन २०११’ चुकीचं नाही, पण लंगडतं. जागा तरी द्या, नाहीतर कोणाच्या शेजारी, कोणत्या कामासाठी, कोण म्हणून, यातलं काहीतरी द्या.

आता ‘अ’. इंग्रजीत काही वाक्प्रचार घट्ट बसलेले असतात, त्यातला शब्द सुटा करून त्याला विशेषण, अनेकवचन, आर्टिकल (‘अ’, ‘द’) लावता येत नाही. ‘सेट अप शॉप’ त्या जातीचा. ‘सेट अप अ शॉप’ लिहिलंत की शब्दशः अर्थ होतो, एक दुकान उघडलं. ‘सेट अप शॉप्स’ म्हणजे बरीच दुकानं उघडली. खरेदीदाराला वाटेल की हे लोक नट-बोल्ट किरकोळीत विकतात. याउलट ‘बिझनेस’ला आर्टिकल लागतंच: ‘सेट अप अ बिझनेस’, ‘स्टार्ट अ बिझनेस’. एकाला नको आणि दुसऱ्याला हवं, म्हणून गोंधळ होतो. आपल्याकडच्या अर्जांत ‘आय वाँट टू स्टार्ट बिझनेस’ सर्रास दिसतं. तिथे ‘अ’ हवा. आणि ‘आय स्टार्टेड ओन बिझनेस’ तर मी आठवड्यात एकदा तरी दुरुस्त करतो. ‘ओन’च्या आधी ‘माय’, ‘हिज’, ‘देअर’ असं कोणीतरी मालक लागतो. मराठीत ‘स्वतःचा धंदा’ म्हटलं की मालक त्यातच आला, इंग्रजीत तो वेगळा सांगावा लागतो.

शब्दांची जागा हलवण्याचंही असंच. ‘सेट अ बिझनेस अप’ चालतं, ‘सेट इट अप’ चालतं, ‘सेट अप इट’ चालत नाही. ‘सेट शॉप अप’ मात्र कोणीही म्हणत नाही.

काळाचं सांगतो, कारण खरी चूक तिथे आहे. ‘सेट’चं भूतकाळी रूप ‘सेट’च. ‘सेटेड’ असं काही नाही, तरी ते व्यापारी पत्रांत भेटतं. तुमच्या वाक्यात ‘हॅव’ आलाय तो मराठीतून. आपण म्हणतो, ‘आम्ही २०११ मध्ये युनिट सुरू केलेलं आहे’. तो ‘आहे’ इंग्रजीत ‘हॅव’ होऊन उतरतो. पण इंग्रजीत ठरलेलं साल, वार, तारीख सांगितली की साधा भूतकाळ. ‘वुई सेट अप’, ‘वुई स्टार्टेड’, ‘वुई ओपन्ड’, एवढंच. ‘हॅव’ हवा असेल तर ‘सिन्स’बरोबर आणा: ‘वुई हॅव बीन इन बिझनेस सिन्स २०११’. तिथे आपण नेमकं उलटं करतो आणि ‘वुई आर इन धिस बिझनेस सिन्स २०११’ लिहितो, कारण मराठीत ‘२०११ पासून आम्ही या धंद्यात आहोत’ हे अगदी सरळ वाक्य आहे. या दोन जागा सांभाळल्या तर प्रोफाइलमधलं निम्मं व्याकरण सुधारतं.

मुलीला सांगा, तिचा ‘सेटअप’ अस्तित्वात आहे, पण तो नाम आहे. ‘अवर सेटअप हॅज सिक्स मशिन्स’ यात जोडून. ‘वुई सेट अप’ हे क्रियापद, तिथे मध्ये मोकळी जागा. कसोटी सोपी आहे: ‘काल’ लावून बघा. काल केलं असं म्हणता येत असेल तर तोडा. मशीनवर जॉब बदलताना तुमचे ऑपरेटर ‘सेटअप टाइम’ म्हणतात, तो जोडलेला. ऑपरेटर मशीन ‘सेट अप’ करतो, ते तोडलेलं. ‘स्टार्टअप’ आणि ‘स्टार्ट अप’ यांचंही तेच.

‘स्टार्टअप’वरून एक आडवाट. हल्ली ट्यूशन क्लासपासून मिसळीच्या हॉटेलापर्यंत सगळे स्वतःला स्टार्टअप म्हणवतात. बोलण्यात काय वाटेल ते म्हणा. पण १६ जानेवारी २०१६ ला केंद्राची स्टार्टअप इंडिया योजना सुरू झाल्यापासून सरकारी कागदावर या शब्दाला ठरलेला अर्थ आहे. त्याची मान्यता घ्यावी लागते आणि एकल मालकीच्या धंद्याला ती मिळत नाही. बँकेच्या अर्जात प्रोप्रायटरने ‘माय स्टार्टअप’ लिहिलं की अधिकारी मान्यता क्रमांक मागतो आणि पुढे नुसता पत्रव्यवहार. तुमचा कारखाना इतकी वर्षं चालतो आहे, तुम्हाला या शब्दाची गरजही नाही.

‘सेट अप’चा आणखी एक सांधा जपून वापरायचा असतो. ‘माझ्या मामांनी मला धंद्याला लावलं’ हे इंग्रजीत फार छान होतं: ‘माय अंकल सेट मी अप इन बिझनेस’. यात भांडवल दिलं, ओळखी दिल्या, उभं केलं, सगळं येतं. मात्र शेवटचे दोन शब्द गाळू नका. ‘माय अंकल सेट मी अप’ एवढंच लिहिलंत तर अर्थ निघतो, मामांनी मला जाळ्यात अडकवलं. कृतज्ञतेच्या परिच्छेदात मामांवर फसवणुकीचा आरोप झालेला मी पाहिलेला आहे, आणि मामा त्या माहितीपत्रकाच्या प्रती गावात वाटत होते.

आता मूळ सल्ला. बरोबर असूनही हा वाक्प्रचार पहिल्या ओळीत का नको?

कारण ‘सेट अप शॉप’ बनियनवर बसलेला आहे. गप्पांत, मुलाखतीत, बातमीच्या मथळ्यात तो शोभतो. ॲपलने १८ एप्रिल २०२३ ला वांद्रे-कुर्ला संकुलात भारतातलं आपलं पहिलं स्टोअर उघडलं, टेस्लाने जुलै २०२५ मध्ये त्याच संकुलात पहिली शोरूम उघडली. अशा बातम्यांना हा शब्दप्रयोग नेमका बसतो, कारण तिथे खरोखरच दुकान आहे आणि मथळ्याला थोडी मिश्किली हवीच असते. पण कर्जाच्या अर्जात, निविदेत, प्रोफाइलच्या माथ्यावर तो सैल वाटतो. शिवाय तुमचा जर्मन खरेदीदारही आपल्यासारखाच शिकून इंग्रजी वाचणारा. त्याला वाक्प्रचार उलगडायला लावू नका, त्याला आकडे हवे आहेत.

या वाक्प्रचारात एक किंचित कडवट छटाही आहे. नको असलेला माणूस येऊन बसला की इंग्रजी बोलणारे हेच म्हणतात: फूटपाथवर विक्रेत्यांनी, गल्लीत भोंदू डॉक्टरांनी, इंटरनेटवर ठगांनी ‘सेट अप शॉप’ केलं. ‘त्यानं दुकान मांडलंय’ यात जो नाक मुरडल्याचा सूर येतो, तोच. त्यामुळे धर्मादाय संस्था, दवाखाना, शाळा यांच्याबद्दल हे लिहू नये. एका ट्रस्टच्या अहवालात ‘द हॉस्पिटल सेट अप शॉप’ असं होतं. वाचल्यावर पहिला विचार बिलाचा येतो.

गंमत म्हणजे वाक्य सैल होतं ते ‘शॉप’मुळे, ‘सेट अप’मुळे नाही. ‘सेट अप’ कायद्यातही बिनधास्त बसलेलं आहे, समित्या आणि आयोगही ‘सेट अप’ होतात. ‘द युनिट वॉज सेट अप इन २०११’ हे कोणत्याही मंत्रालयात चालेल. जुन्या इतिहासाच्या इंग्रजी पुस्तकांतही ईस्ट इंडिया कंपनीने १६१३ मध्ये सुरतेला ‘फॅक्टरी’ सेट अप केली असं येतं. तिथे धुराडं शोधू नका. ती वखार. ‘फॅक्टर’ म्हणजे कंपनीचा अडत्या, तो जिथे माल साठवून सौदे करतो ती फॅक्टरी. महाराजांनी लुटली ती राजापूरची फॅक्टरीही हीच.

मग पहिल्या ओळीत काय? ‘फाउंडेड इन २०११’ किंवा ‘एस्टॅब्लिश्ड इन २०११’. दोन्ही चालतात. मला ‘फाउंडेड’ आवडतं, त्यात माणूस दिसतो; ‘एस्टॅब्लिश्ड’ दुकानाच्या पाटीवरच्या ‘एस्टडी.’ची आठवण करून देतं. ‘फाउंड’ हे क्रियापद वेगळं आणि सापडण्याचं ‘फाइंड-फाउंड’ वेगळं, एवढं ध्यानात असू द्या. ‘माय फादर फाउंड द कंपनी’ म्हणजे वडिलांना कंपनी कुठेतरी पडलेली सापडली. दुकान, शाखा, शोरूम यांना ‘ओपन्ड’. नव्या उत्पादनाला ‘लाँच्ड’. कंपनीला ‘ओपन्ड’ लावू नका. ‘वुई ओपन्ड अ कंपनी’ हे आपल्या ‘कंपनी उघडली’चं थेट इंग्रजी आहे, कंपनी ‘फॉर्म’ होते, ‘सेट अप’ होते किंवा ‘इन्कॉर्पोरेट’ होते. ‘ओपन फॉर बिझनेस’ मात्र निराळं, त्याचा अर्थ दार उघडं आहे, या, व्यवहार करू. राज्यकर्ते परदेशी गुंतवणूकदारांपुढे हेच म्हणतात. अमेरिकेत वकील-डॉक्टर ‘हँग आउट अ शिंगल’ म्हणतात, म्हणजे आपलं पाटी लावणं. ते तुम्ही वापरू नका, फक्त भेटलं तर ओळखा.

आणि मसुद्यात खाली ‘इनॉग्युरेटेड ॲट द ऑस्पिशियस हँड्स ऑफ’ आहे, ते काढा. शुभहस्ते हे निमंत्रणपत्रिकेत राहू द्या. ‘वन ऑफ द लीडिंग मॅन्युफॅक्चरर्स’ही काढा. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलमधल्या प्रत्येक शेडवर लीडिंग मॅन्युफॅक्चरर बसलेला आहे.

आता सीएंकडे येऊ. तुम्ही लिहिलंय त्यावरून क्रम असा दिसतो: ऑक्टोबर २०११ च्या दसऱ्याला मशीनची पूजा, प्रोप्रायटरशिप (एकल मालकी) म्हणून काम सुरू, पहिलं बिल जानेवारी २०१२ ला, आणि २०१३ मध्ये प्रायव्हेट लिमिटेड. मग धंदा ‘सुरू’ कधी झाला? मराठीत या सगळ्याला एकच ‘सुरू’ पुरतो. आपण मुहूर्ताची तारीख सांगतो आणि कोणी प्रश्न विचारत नाही. इंग्रजी कागदावर मात्र प्रत्येक सुरुवातीला आपापलं क्रियापद आहे आणि ते निवडताना तुम्ही एक विधान करत असता, जे कोणीही तपासू शकतो.

कसं तपासतात ते दाखवतो. तुमच्या लेटरहेडच्या तळाला सीआयएन, म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक, छापलेला असेल. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे तो छापावाच लागतो. त्यात एकवीस अक्षर-आकडे आहेत. पहिलं अक्षर ‘यू’, म्हणजे शेअर बाजारात नोंद नसलेली. पुढचे पाच अंक उद्योगाचा प्रकार. मग ‘एमएच’, महाराष्ट्र. त्यापुढचे चार अंक बघा: २०१३. ते नोंदणीचं साल. मग ‘पीटीसी’, खासगी कंपनी, आणि शेवटी सहा आकडी क्रमांक. म्हणजे वरच्या ओळीत ‘द कंपनी वॉज इन्कॉर्पोरेटेड इन २०११’ असं लिहिलंत तर त्याच पानाच्या तळाला २०१३. पुरवठादार तपासणं हेच ज्यांचं काम आहे त्यांना हे वाचता येतं. तुमच्या मनात खोट नाही, पण कागदावर ती दिसते.

तोडगा सोपा आहे: ‘फाउंडेड इन २०११ ॲज अ प्रोप्रायटरशिप अँड इन्कॉर्पोरेटेड ॲज अ प्रायव्हेट लिमिटेड कंपनी इन २०१३’. दोन्ही सालं खरी आहेत, कोणाला काही शोधायला उरत नाही. आणि ध्यानात ठेवा, ‘इन्कॉर्पोरेटेड’ फक्त कंपनीला किंवा एलएलपीला (मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीला). प्रोप्रायटरशिपचं शॉप ॲक्टचं रजिस्ट्रेशन म्हणजे इन्कॉर्पोरेशन नव्हे. तसंच २०११ ते २०१३ या काळासाठी स्वतःला ‘डायरेक्टर’ लिहू नका, तेव्हा तुम्ही प्रोप्रायटर होतात. ‘फाउंडर’ दोन्ही काळांना चालतं.

दसरा ते जानेवारी हे जे तीन महिने उरतात, त्यांची गोष्ट मला सगळ्यात आवडते, कारण इथे इंग्रजीच्या दोन शब्दांतल्या फरकावर खरोखर पैसे अवलंबून असतात. आयकर कायद्यात ‘सेट अप’ वेगळं आणि ‘कमेन्स’ वेगळं. हा फरक आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाने १९५४ मध्ये स्पष्ट केला, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्सच्या खटल्यात, मुख्य न्यायमूर्ती छागला असताना. खटला १९२२ च्या जुन्या कायद्याखालचा होता, पण निकाल आजही सांगितला जातो. त्याचा गाभा असा: धंदा उभा राहून सुरू व्हायला तयार झाला की तो ‘सेट अप’ झाला. प्रत्यक्ष सुरू होणं, ‘कमेन्समेंट’, ही पुढची पायरी. दोन्हींत मध्ये काळ जाऊ शकतो आणि त्या मधल्या काळातला चालू खर्च धंद्याचा खर्च म्हणून वजा मिळतो. तयार होण्याआधीचा मात्र तसा मिळत नाही.

म्हणजे तुमच्या शेडमध्ये दसऱ्याला मशीन बसलेली असतील, वीज जोडलेली असेल, माणूस नेमलेला असेल आणि ऑर्डर आली तर उद्या जॉब लावता येईल अशी स्थिती असेल, तर धंदा सेट अप झालेला होता, बिल जानेवारीत फाटलं तरी. त्या तीन महिन्यांचं भाडं, पगार, विजेचं बिल यांचा विचार त्या नजरेने होतो. मशीनची किंमत हा भांडवली खर्च, त्याचा हिशेब वेगळा. पण मशीन अजून खोक्यात असतील आणि नुसती पूजा झाली असेल, तर देवाच्या दृष्टीने मुहूर्त झाला, आयकराच्या दृष्टीने नाही. सर्वोच्च न्यायालयानेही पुढे रामराजू सर्जिकल कॉटन मिल्सच्या संपत्ती करावरच्या खटल्यात ‘सेट अप’चा अर्थ ‘काम सुरू करायला तयार’ असाच धरला.

‘कमेन्स’ला तरी एकच क्षण असतो का? तिथेही नाही. सौराष्ट्र सिमेंटच्या खटल्यात गुजरात उच्च न्यायालयाने म्हटलं की सिमेंटच्या धंद्यात चुनखडी काढणं, सिमेंट बनवणं आणि विकणं असे टप्पे आहेत आणि पहिला टप्पा सुरू झाला की धंदा सुरू झाला. सगळे टप्पे एकदम सुरू व्हायला हवेत असं नाही. एक एप्रिल २०२६ पासून १९६१ चा आयकर कायदा जाऊन २०२५ चा आला, पण नव्याने ‘सेट अप’ झालेल्या धंद्याचं पहिलं करवर्ष त्या सेट अपच्या तारखेपासून मोजायचं, ही रचना त्यातही आहे. म्हणून प्रकल्प अहवालात मी ‘सेट अप ऑन’ लिहिण्याआधी ती तारीख सीएंकडून लेखी मागतो. माझ्यासाठी ते क्रियापद आहे, त्यांच्यासाठी तो हिशेबाचा दिवस.

फॉर्म भरताना यातलं काहीच तुमच्या आवडीवर नाही. जीएसटीच्या नोंदणी अर्जात ‘डेट ऑफ कमेन्समेंट ऑफ बिझनेस’ वेगळी विचारतात आणि नोंदणीची जबाबदारी कधी आली ती तारीख वेगळी. ही दुसरी तारीख धरून तीस दिवसांत अर्ज करायचा असतो. उद्यमच्या, म्हणजे लघुउद्योगांच्या सरकारी नोंदणीच्या, अर्जात संस्था कधी स्थापन झाली ते वेगळं आणि उत्पादन किंवा व्यवसाय कधी सुरू झाला ते वेगळं. लोक दोन्हींत मुहूर्ताची तारीख टाकून मोकळे होतात आणि मग कर्जाच्या फाइलमध्ये तीन कागदांवर तीन सुरुवाती निघतात.

कंपन्यांसाठी आणखी एक आहे, तुम्हाला लागू नाही पण भावाने नवी कंपनी काढायचं ठरवलंय म्हणून सांगतो. २ नोव्हेंबर २०१८ नंतर नोंदलेल्या, भाग भांडवल असलेल्या कंपनीला नोंदणीपासून १८० दिवसांत आयएनसी-२०ए हा फॉर्म भरावा लागतो. त्याचं नाव ‘कमेन्समेंट ऑफ बिझनेस’ची घोषणा. नाव ऐकून लोकांना वाटतं की १८० दिवसांत पहिलं बिल फाडलं पाहिजे. तसं नाही. ज्यांनी शेअर घ्यायचं कबूल केलं त्यांनी त्याचे पैसे भरले, हे संचालकांनी जाहीर करायचं असतं. ते झाल्याशिवाय कंपनीने धंदा करायचा नाही आणि कर्जही उचलायचं नाही. तेव्हा या फॉर्मची तारीख उचलून प्रोफाइलमध्ये ‘वुई स्टार्टेड बिझनेस ऑन’ म्हणून टाकू नका.

धंदा बंद करण्याचे शब्द तुम्ही विचारलेले नाहीत, पण एक ओळ. ‘सेट अप शॉप’ची उलट बाजू ब्रिटिश इंग्रजीत ‘शट अप शॉप’, अमेरिकन इंग्रजीत ‘क्लोज अप शॉप’. आपली इंग्रजी वर्तमानपत्रं ‘शट शॉप’ लिहितात, ते भारतात समजतं. ‘क्लोज्ड शॉप’ मात्र निराळीच गोष्ट, जिथे ठरावीक युनियनचा सभासद असल्याशिवाय नोकरी मिळत नाही तो कारखाना. दिवाळीच्या सुट्टीची मेल पाठवताना यातलं काहीच नको. ‘अवर प्लांट विल बी क्लोज्ड फ्रॉम’ आणि तारखा द्या, नाहीतर खरेदीदार घाबरून दुसरा पुरवठादार शोधायला लागेल.

तुमच्या प्रोफाइलचा पहिला परिच्छेद मी असा करीन:

‘फाउंडेड इन २०११ ॲज अ प्रोप्रायटरशिप अँड इन्कॉर्पोरेटेड ॲज अ प्रायव्हेट लिमिटेड कंपनी इन २०१३, वुई मशीन आयर्न कास्टिंग्ज ॲट अवर प्लांट इन शिरोली, कोल्हापूर.’ त्यापुढे लगेच मशीनची संख्या, जॉबचा कमाल आकार, टॉलरन्स (मापात चालणारा फरक), महिन्याची क्षमता. विशेषणं नकोत.

आणि ‘सेट अप शॉप’ तुम्हाला फारच आवडलं असेल तर ते ‘अवर स्टोरी’ नावाच्या पानावर घ्या: ‘इन ऑक्टोबर २०११ वुई सेट अप शॉप इन अ रेंटेड शेड इन शिरोली विथ वन सेकंड-हँड लेथ’. शेड भाड्याची होती आणि लेथ जुना होता, हे तुमच्याच पत्रात आहे. तिथे तो शब्दप्रयोग शोभेल. फक्त ‘अवर स्टोरी’मधला ऑक्टोबर आणि उद्यम प्रमाणपत्रातली तारीख एकदा शेजारी ठेवून बघा. प्रमाणपत्रावर जानेवारी २०१२ असेल तर वाक्यापुढे ‘अँड शिप्ड अवर फर्स्ट ऑर्डर इन जानेवारी २०१२’ एवढं जोडा, म्हणजे दोन्ही कागद जुळतात.